एसटीच्या मापाचं विमान

आता आमच्या सोलापुरातनं विमान सुटतंय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीवरनं ते घरघरत गेलं की कारखान्यातली माणसं वर बघायच्या आधी माझ्याकडं बघत्यात. मला कारखान्यात पायलट म्हणत्यात. विमानात मी आजपतूर एकदाबी बसलेलो न्हाय. तरी हे नाव कसं पडलं आन् त्या नावानं माझी काय शोभा केली ते सांगतो. दुसऱ्या कुणी सांगितलं तर कमी सांगंल. शोभा माझी हाय, मला सगळी म्हाईत हाय.

मी टॉवेल-चादरीच्या कारखान्यात घड्या घालून गठ्ठे बांधतो. शाळा चौथीत सुटली. मास्तर म्हणले, तू सोडतोस का आमी काढू. मी सोडली. मान ऱ्हावा म्हणून.

लॉकडाऊनच्या बऱ्याच आधीची गोष्ट. हैदराबादला मेव्हण्याचं लग्न व्हतं. येताना रेल्वेत अशी झोप लागली की सोलापूर आलं आन् गेलं, मला पत्ता न्हाय. कुर्डूवाडीला टीसीनं खांदा हलवून उठवलं. दंड भरला. तितनं जीपनं मोडनिंब, आन् मोडनिंबला पुण्याहून येणारी एसटी धरून सोलापूर. कामावर उशीर तर झालाच, वर आमच्या कारखान्यातल्या एका यंत्रमागवाल्यानं मला त्या एसटीतनं उतरताना बघितलं.

"हैदराबादला गेलतास न्हवं? मग पुण्याच्या गाडीतनं कसा उतरलास?"

सगळे चहाला बसलेले. झोपलो म्हणून सांगितलं असतं तर जन्मभर मला कुर्डूवाडी म्हणून हाक मारली असती. मी चहा फुंकला आन् म्हणलो, "विमानानं आलो. हैदराबाद ते पुणे. मेव्हण्यानं तिकीट काढलं. पुण्यातनं मग एसटी."

एकानं मला स्वतःचं बिस्कीट दिलं. तिथंच माझं डोकं फिरलं. त्या दिवसापासनं कोण ना कोण रोज काय तरी विचारायचं, आन् मी रोज थोडी भर घालायचो. ढग जिनिंगमधल्या कापसाच्या ढिगासारखे. बाई येऊन लिमलेटची गोळी देती. वरनं गिरणीचं धुराडं दिसलं, उदबत्तीएवढं.

"आन् सीट कशी असती रं?"

"सीटचं काय न्हाय. आपल्या एसटीसारखीच. फक्त कंडक्टर बाई असती."

खरं एकट्या माझ्या बायकोला म्हाईत व्हतं. धुण्यात शर्टाच्या खिशातनं दंडाची पावती निघाली, कुर्डूवाडीची. तवापासनं घरात मी जरा पाय पसरून बसलो की ती म्हणती, "पायलट, खाली उतरा, दळण आणा."

मग लॉकडाऊन आलं. माग बंद पडले. एमआयडीसीत सकाळी मागांचा जो खडखडाट असतोय, तो नसला की कान बधिर झाल्यासारखं वाटतंय. पुढं महिन्याभरानं मालकांनी परवानगी काढली आन् थोड्या माणसांवर काम चालू केलं. मला बोलावलं, कारण मी गठ्ठे बांधतो आन् कमी जेवतो. दुसरं कारण बायकोनं सांगितलं.

शिलाईला अक्का व्हत्या. अक्का म्हणजे विणकराच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणार, आमच्याशी मराठी. टॉवेलची कड अशी मारत्यात की फूटपट्टी वाकडी वाटंल. त्यांची गल्ली तवा बांबू लावून बंद केलती, म्हणून मालकांनी त्यांना आन् त्यांच्या नवऱ्याला गोडावनच्या मागची खोली दिलती. त्यांच्या नवऱ्याला आमी सगळे दाजी म्हणतो. दाजी पूर्वी मागांचे जॉबर व्हते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणार. मग त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या आन् अक्कांनी आपली एक काढून त्यांना दिली. त्याला तीन वर्षं झालती.

"माझीच हाय ती," अक्का म्हणायच्या. "त्यांच्या पोटात भाड्यानं ठेवलीय. नीट वापरा म्हणावं."

ती किडनी टिकायला दाजींना रोज सकाळ-संध्याकाळ गोळी लागायची. एक वेळबी चुकवायची न्हाय, डॉक्टरांनी बजावलेलं. चुकली तर शरीर ती किडनी परकी म्हणून हाकलून देतंय म्हणे. त्या गोळ्या अक्का शिलाई मशीनच्या बॉबिनच्या डब्यात ठेवायच्या, म्हणजे दिवसातनं शंभरदा डोळ्यांसमोर. सोलापुरात त्या गोळ्या एकाच मेडिकलवाल्याकडं मिळायच्या आन् त्याच्याकडं त्या बाहेरनं यायच्या. तो फोनवर म्हणला, "अक्का, माल तिकडं पडून आहे. रेल्वे बंद, विमानं बंद. विमानं चालू झाली की पहिला तुमचा डबा."

त्या दिवशी बॉबिनच्या डब्यात अकरा दिवसांच्या गोळ्या व्हत्या. दाजी खोलीपुढच्या कडूलिंबाखाली बाजेवर बसून मला म्हणले, "पायलट, ये की. विमानाचं सांग."

दाजींना माझं विमान लई आवडायचं. बाकीचे ऐकून कंटाळलेले, दाजी न्हाय. रोज नवीन ऐकल्यासारखं ऐकायचे. मी लांब, हात धुवायच्या टाकीवर बसायचो आन् सांगायचो. खिडकी, ढग, गोळी देणारी बाई.

"बरं झालो की एकदा मलाबी न्हे," ते म्हणायचे. "खिडकीला मी बसणार."

"बसा की. मी काय, बघून झालंय माझं."

असं म्हणताना माझ्या तोंडाला जराबी काय वाटायचं न्हाय. आता वाटतंय.

दोन दिवसांनी मालक फोन हातात घेऊन घाईघाईनं आले. नाकाला टॉवेल बांधलेला. म्हणले, पुण्याच्या एका व्यापाऱ्याचा फोन आलाय. माणसं बसायची बंद झाल्यामुळं प्रवासी विमानं रिकामी उभी हायत. आता त्यातनं औषधं, मास्क, सुया, असला माल न्यायचा. विमानाच्या पोटात मावंल तेवढा, आन् वर माणसांच्या सीटांवरबी खोकी ठेवायची. पण खोकं घासून सीट फाटती, म्हणून सीटांना खोळ पायजे. जाड सुती. आपण शिवून द्यायची, मग पुण्यात तिला आग न धरणारं औषध मारून विमानवाल्यांना देणार. विमान खोळींसाठी अडलंय.

आमच्याकडं हॉस्पिटलच्या चादरीचं हिरवं जाड कापड पडून व्हतं. मालक म्हणले, "कापड हाय. पण माप उद्या-परवा पाठवतो म्हणतोय. तवर दुसरा कोण तरी काम पळवंल." आन् मग ते माझ्याकडं वळले. सगळेच वळले. "पायलट, तू बसलायस की. सीट कशी असती सांग."

इथं मी सांगायला पायजे व्हतं. सांगायची वाट मोकळी व्हती. अक्का मशीनवर बसलेल्या, पुढं बॉबिनचा डबा. पण दाजी लिंबाखालनं बघत व्हते, मान जरा ताठ करून, आपला माणूस पुढं बोलावला गेला म्हणून. मी म्हणलो, "माप मला पाठ हाय. फक्त एकदा नजरेखालनं घालून येतो."

"कुटं घालून येतो? विमानतळावर?"

"घरी. घरी लिहून ठेवलंय."

मी, आन् लिहून ठेवलंय. तरी मालकांनी ऐकून घेतलं. माणूस अडचणीत असला की काय बी खरं वाटतंय.

मी सायकल काढली, गळ्यात परवानगीचं कार्ड अडकवलं आन् एसटी डेपो गाठला. तितं सगळ्या गाड्या रांगेनं उभ्या, काचांवर धूळ. गेटवर वॉचमन एकटाच, खुर्चीत. मी हात जोडले.

"काका, एका गाडीत जरा बसू द्या की."

"गाडी कुटं जायची न्हाय."

"जायचं न्हाय. नुसतं बसायचंय."

त्यानं मला खालवर बघितलं. महिना-दीड महिना माणूस न बघितलेला माणूस तो. म्हणला, "घरात बायको लई बोलती का?"

"बोलती. पण मला सीट मोजायचीय."

"कशाला?"

"विमान करायचंय."

तो म्हणला, "जा, बस. डोक्याला ऊन लागलंय तुझ्या, सावलीत बस."

मापाची पट्टी मी नेली न्हवती. खांद्यावरचा टॉवेल व्हता. आमच्या कारखान्याचा टॉवेल किती लांब, किती रुंद, ते मला झोपेतबी म्हाईत. सीटच्या पाठीवर टॉवेल धरला, बैठकीवर धरला, उरलं ते वितीनं मोजलं. दोघांच्या सीटचं निम्मं केलं. निम्म्यात मी मावतो का बघितलं. मावलो. मला वाटलं जमलं.

परत आलो आन् रुबाबात सांगितलं. पाठीला सव्वा टॉवेल, बैठकीला एवढं, पाठीमागं एवढं दुमडा, खाली नाडी. मालकांनी खडूनं कापडावर आखलं. अक्कांनी पहिली खोळ शिवली आन् ती कांद्याच्या टेम्पोबरोबर पुण्याला गेली. मालक म्हणले, तितनं व्हय येईस्तोवर थांबायला नको, पायलटचं माप हाय. एका विमानाच्या सगळ्या सीटांचं कापड फाडलं.

दुसऱ्या दिवशी शिवता शिवता अक्कांनी पाय थांबवला.

"एम् रा, पायलट." काय रे, असं ते. मी काय घोळ केला असला की अक्कांचं तेलुगू सुरू व्हायचं. "टीव्हीत बघते मी, विमानात पट्टा बांधत्यात कमरंला. तो कुटनं येतो? खोळीत त्याला वाट न्हाय ठेवली."

एसटीला कुटं पट्टा असतोय? माझ्या डोळ्यांसमोर एसटीची सीट. त्यावर मागं कुणी तरी बदाम कोरलेला, दोन अक्षरं. पट्टा न्हाय.

"पट्टा वरनं लटकलेला असतो," मी म्हणलो. "एसटीची दांडी असती की, तसा."

अक्कांनी मशीन परत चालू केलं. त्यांनी माझं ऐकलं, कारण त्यांना ती खोळ लवकर संपवायची व्हती. डब्यात आठ दिवसांच्या गोळ्या राहिलेल्या. हे चुकलं, ते मला तवाच कळलं. पण कळलं म्हणून तोंड उघडंल असा मी माणूस न्हाय.

घरी बायकोला सांगितलं. ती भांडी घासत व्हती. तिनं तवा खाली ठेवला.

"त्या बाईनं नवऱ्याला किडनी दिली," ती म्हणली, "आन् तुमाला एक कुर्डूवाडी सांगवंना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवूनच गेलो की सांगायचं. मालक आले की सांगायचं. पण मालकांच्या आधी फोन आला. म्हणजे मालक आले ते फोन कानाला लावूनच. खोळींचा अख्खा गठ्ठा तयार, माझ्या हातानं बांधलेला, दोरीची गाठ अशी की बघत ऱ्हावं. मालकांनी फोनचा आवाज मोठा केला आन् स्टुलावर ठेवला. आमी सगळे लांब लांब उभे.

पुण्याचा व्यापारी म्हणाला, "अहो, तुमचं सँपल बसवून बघितलं. पट्टा कुठून काढायचा? पट्टा आतच गाडला गेलाय. खोकी नुसती ठेवायची नाहीत, पट्ट्यानं आवळायची आहेत. विमान उडताना खोकं पुढं आलं तर काय करायचं? अशा खोळी मी घेऊ शकत नाही."

मालकांचा चेहरा उतरला. तरी ते म्हणले, "थांबा, थांबा. आमच्याकडं विमानात बसलेला माणूस हाय. त्यानंच माप दिलंय. त्याच्याशी बोला." आन् मला हातानं पुढं बोलावलं.

मी स्टुलाजवळ गेलो. फोनला काय डोळे नसत्यात, तरी मी मान खाली घातली. अक्का मशीनवरनं उठून उभ्या. दाजी लिंबाखालनं खोलीच्या दारापतूर आलते, भिंतीला धरून.

"साहेब," मी म्हणलो, "मी विमानात बसलो न्हाय."



"मग माप कशाचं आहे?"

"एसटीचं."

व्यापारी म्हणाला, "कुठल्या डेपोची?"

"सोलापूर, साहेब."

"रुंदी बरोबर बसलीय," तो म्हणाला. "मी तर चकितच झालो होतो. बोटभर फरक नाही. फक्त पट्टा नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाला, "मीसुद्धा आत गेलेलो नाही कधी. माझं दुकान गेटच्या बाहेर आहे. थांबा, आतल्या एकाला व्हिडिओ लावायला सांगतो. त्यालाच दाखवू दे पट्टा कुठं असतो ते."

फोन बंद झाला. मालक मला काय म्हणले ते हितं सांगत न्हाय, पण त्यात माझं पूर्ण घराणं आलं आन् एसटी महामंडळबी आलं. मी ऐकलं. त्यात खोटं काय न्हवतं. मग मी दाजींकडं बघितलं, कारण अक्कांकडं बघायची हिंमत न्हवती.

दाजी म्हणले, "मग ढग?"

"ढग गच्चीवरनं बघितलेले, दाजी."

"आन् लिमलेटची गोळी?"

"ती शाळेतली. झेंडावंदनाची."

दाजी दाराच्या चौकटीला टेकले. हसले का काय ते मास्कमुळं कळलं न्हाय. अक्का मात्र माझ्यापासनं चार हातांवर येऊन थांबल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी विचारलंतं की न्हाय?" त्या म्हणल्या. "पट्टा कुटनं येतो म्हणून?"

"विचारलंतं."

"डब्यात सात दिवसांच्या हायत. तुला म्हाईत व्हतं की न्हाय?"

"म्हाईत व्हतं."

"मग आता रडत बसू नको. कात्री घे."

मी रडत न्हवतो, घाम व्हता. पण कात्री घेतली.

तेवढ्यात व्हिडिओ आला. मालकांनी फोन टॉवेलच्या गठ्ठ्यावर उभा केला. विमानाच्या आत एक माणूस उभा, अंगावर पांढरा प्लास्टिकचा झगा, डोळे तेवढे दिसतेले. मागं सीटांच्या रांगा. काही सीटांवर, बघायला म्हणून, बिनखोळीचीच खोकी बसवलेली. तीन तीन खोकी, शेजारी शेजारी, कमरंला पट्टे, खिडकीशीबी एक खोकं. मी विमान आतनं पहिल्यांदा बघितलं ते तवा. इतकी वर्षं त्यात बसून आलतो आन् मला ते ओळखू आलं न्हाय. कंडक्टर बाई कुटं न्हवती. एसटीसारखं त्यात काय बी न्हवतं. फक्त रुंदी.

अक्का फोनला म्हणल्या, "दादा, पट्टा कुटनं निघतो तितं बोट ठेव."

त्या माणसानं बोट ठेवलं. पाठ आन् बैठक जिथं मिळती त्या खाचेतनं, दोन्ही बाजूंनी.

"केवढा रुंद हाय?"

"मोजायला आत्ता काही नाही, मावशी. आत काही आणू देत नाहीत."

"तुझ्याकडं काय हाय मग?"

त्यानं झग्यात हात घालून खिसा चाचपला. "एटीएम कार्ड आहे."

"लाव त्याला."

त्यानं कार्ड आडवं उभं करून पट्ट्यावर धरलं. कार्डाची आखूड बाजू आन् पट्टा, दोन्ही जवळजवळ सारखे. अक्कांनी मालकांकडं हात पुढं केला. मालकांनी एक क्षण बघितलं. आमचे मालक म्हणजे एटीएमला गेले तरी पाठीमागं बघत आकडे दाबणारे. पण त्यांनी पाकीट काढलं, कार्ड काढलं, त्यावर सॅनिटायझर मारलं आन् स्टुलावर ठेवलं.

"कार्ड सैल जाईल एवढी चीर," अक्का म्हणल्या. "सीट तुझ्या डोक्यात हाय न्हवं, एसटीची? मग खाच कुटं येती ते तूच आख. चुकलास तर कापड तुझ्या अंगात शिवीन."

मी गठ्ठ्याची दोरी सोडली. इतकी सुरेख गाठ मारलती की मलाच सुटंना, शेवटी कापली. एकेक खोळ पसरायची, खाचेच्या जागी कार्ड ठेवायचं, खडूनं रेघ मारायची, कात्रीनं चीर पाडायची. दोन्ही बाजूंना. मग अक्का आन् शिलाईच्या दुसऱ्या दोन बाया त्या चिरेची कड दुमडून टाके घालायच्या, म्हणजे धागे सुटू नयेत. हिरवी भुकटी सगळीकडं उडत व्हती. माझ्या शर्टावर, भुवयांवर, चहात. मालक दर घटकेला येऊन बघायचे. मला वाटायचं काम बघत्यात. ते कार्ड बघायचे.

दाजी दारात बसून खोळी मोजत व्हते आन् घडी घालत व्हते. त्यांना काम करू नका म्हणलं तर म्हणले, "घडी घालायला किडनी लागत न्हाय." पण ते माझ्याशी त्या दिवशी दुसरं काय बोलले न्हाईत. मला कात्रीपेक्षा ते जास्त लागलं. रोज विमानाचं सांग म्हणणारा माणूस गप बसला, आन् मी काय सांगू? माझ्याकडं सांगायला एक कुर्डूवाडी सोडली तर काय न्हवतं.

संध्याकाळी जायच्या वेळी मीच टाकीवर जाऊन बसलो. विचारलं न्हवतं तरी सांगायला लागलो. रेल्वेत कसा झोपलो. तोंड उघडं व्हतं, समोरच्या बाईनं पोराला दाखवलं. टीसीनं उठवलं तर मी त्याला म्हणलो, चहा दोन. जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी बसली. मोडनिंबला एसटी आली तर दार बंद, आन् मी पळतोय, एक चप्पल हातात.

दाजींचे खांदे हलायला लागले. मास्क खालीवर व्हायला लागला.

"हे आधी का न्हाय सांगितलंस?" ते म्हणले. "हे त्या ढगापेक्षा बरं हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारपतूर सगळ्या खोळी झाल्या. मालकांनी कार्ड परत घेतलं, फडक्यानं पुसलं. बायकोला मी सांगितलं की मालकांचं एटीएम दीड दिवस माझ्या हातात व्हतं. ती म्हणली, "आन् केलं काय त्याचं, खडूनं रेघा?" गठ्ठा मी साध्या गाठीनं बांधला. कांद्याच्या टेम्पोत कांद्याच्या वर गेला.

मग काय करायला काम न्हवतं आन् गोळ्या रोज दोननं कमी व्हायच्या. अक्का मशीनवर बसायच्या, मशीन बंद. डबा उघडायच्या, मिटायच्या. पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन आला, खोळी बसल्या म्हणून. अक्कांनी विचारलं, विमान गेलं का? तो म्हणाला, एक गेलं, एक येईल, कुठल्यात काय आहे ते मला कळत नाही मावशी. अक्का मेडिकलवाल्याला सकाळी एक फोन करायच्या आन् संध्याकाळी एक. त्याचं एकच, माल निघालाय म्हणतात.

मला त्या दिवसांत जेवण गेलं न्हाय. आपण दोन दिवस वाया घालवले, हे डोक्यातनं जात न्हवतं. मी मनात हिशोब करायचो की पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तर आज डब्यात किती ऱ्हायल्या असत्या. तेवढ्याच ऱ्हायल्या असत्या. गोळ्या दिवसाला दोनच जात्यात. पण येणाऱ्या गोळ्या दोन दिवस आधी निघाल्या असत्या का, ते मला कोण सांगणार? ते अजूनबी कुणी सांगितलेलं न्हाय.

डब्यात दोन दिवसांच्या राहिल्या तवा दुपारी गेटवर मेडिकलवाल्याचा माणूस मोटरसायकलवरनं आला. तोंडाला दोन मास्क, डोळ्यांना गॉगल. गेटच्या फटीतनं एक लहान खोकं आत ठेवलं आन् लांब सरकला. "अक्कांचं," म्हणला. "विमानानं आलंय. आत्ताच पुण्याची गाडी पोचली."

मी खोकं उचललं आन् दोन्ही हातांनी धरून चाललो. वाटंत बघितलं तर वरच्या चिकटपट्टीत एक हिरवा धागा अडकलेला. बोटाएवढा. आमच्या कापडाचा, तोच हिरवा. माझे पायच थांबले. मग मी पळत सुटलो.

"अक्का," मी म्हणलो, "हे आपल्या खोळीवर बसून आलंय. बघा. धागा बघा."

अक्कांनी आधी खोकं उघडलं. पाकिटं काढली, एकेक उलटी करून नाव बघितलं, तारीख बघितली, डब्यातल्या जुन्या पाकिटाशेजारी धरून बघितलं. मग हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. त्यानंतर त्यांना धाग्याची आठवण झाली. त्यांनी तो नखानं सोडवला, उजेडात धरला, आन् माझ्या शर्टाकडं बघितलं. शर्ट मी तोच घातलेला. खांद्यापासनं पोटापतूर हिरव्या धाग्यांनी भरलेला.

"एम् रा. हा खोक्यावरचा हाय, का तुझ्यावरचा?"

मी लई विचार केला. छातीशी धरून आणलतं मी ते खोकं.

"म्हाईत न्हाय, अक्का," मी म्हणलो. "खरंच म्हाईत न्हाय."

दाजी बाजेवरनं म्हणले, "दे हिकडं." अक्कांनी धागा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, जॉबर माणूस, धागा बघायचा तसा पीळ बघितला.

"विमानातला हाय," ते म्हणले.

"कशावरनं?" अक्का म्हणल्या.

"मी सांगतो म्हणून."

तो धागा अजून बॉबिनच्या डब्यात हाय, एका रिकाम्या पाकिटात. दाजी आलेल्या गेलेल्याला तो दाखवत्यात. हिरव्या खोळीवर, खिडकीशी, पट्टा बांधून कसं खोकं आलं ते सांगत्यात. अलीकडं त्यात ढगबी आलेत. मी शेजारी बसलेला असतो. कुणी माझ्याकडं वळून विचारलं, खरं का रं, तर मी म्हणतो, मला विचारू नका, मी कुर्डूवाडीला झोपलेलो.